साबण कुठे ठेवायचा?

पश्चिम केनियात लुओ लोकांच्या घरी जेवायला बसलं की ताटं येण्याआधी घरातलं कुणीतरी पाण्याचा जग आणि परात घेऊन येतं. आपण हात पुढे करायचे, ते वरून पाणी घालतात, मग शेजारच्याची पाळी. सगळ्यात धाकट्या पोरालाही वगळत नाहीत. त्यानंतरच उगाली. मक्याच्या पिठाचा हा घट्ट शिजवलेला गोळा हातानेच खायचा. बोटांनी घास मोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात पालेभाजी किंवा ओमेना नावाची बारीक सुकी मासळी घेऊन तोंडात टाकायची. जन्मभर भाकरी खाल्लेल्या माणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही.

हे आधी सांगते, कारण ‘आफ्रिकेतल्या लहान मुलांना स्वच्छता शिकवायला गेले होते’ असं म्हटलं की ऐकणारे हळहळतात आणि म्हणतात, ‘बिचाऱ्यांना काही माहीत नसेल ना!’ माहीत होतं. हात धुऊन जेवावं हे त्या मुलांना माहीत होतं, त्यांच्या आयांना आणि आज्यांनाही माहीत होतं. पण तीच मुलं शाळेत दहाच्या सुट्टीत पेजेचा कप हातात पडला की तशीच प्यायला बसत. मातीत खेळलेले हात, त्याच हातात शेंगदाणे, पेरू, आंब्याची फोड. घरी होणारी गोष्ट शाळेत का होत नाही, या एका प्रश्नाभोवती माझं तिथलं सगळं राहणं फिरत राहिलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर मुलाकडे नैरोबीला गेले. त्याच्या ओळखीतून एका संस्थेमार्फत सियाया काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, बोंडो गावाच्या पुढे व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला असलेल्या एका सरकारी शाळेच्या बालवर्गात मदतनीस म्हणून जायचं ठरलं. तिथे बिनपगारी कामालासुद्धा वेगळा परवाना लागतो, पर्यटक म्हणून जाऊन वर्गात उभं राहता येत नाही. कागदपत्रांत बराच वेळ गेला. मला ती अट पूर्णपणे मान्य आहे. परक्या माणसाला लहान मुलांच्या वर्गात सोडण्याआधी कुणीतरी चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

शाळा पाहिली आणि अर्धी तरी ओळखीची वाटली. पत्र्याचं छप्पर, झाडाखाली परिपाठ, आणि एकाच आवारात दोन सरकारं. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनंतर बालवर्ग काउंटी सरकारकडे आले आणि प्राथमिक शाळा राष्ट्रीय सरकारकडेच राहिली. आपल्याकडे अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची आणि दोघींची भिंत एकच, तसंच. २००३ साली तिथे प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि शाळा मुलांनी भरून गेल्या. बालवर्गाचा पैसा मात्र वेगळ्या वाटेने येतो. मग साबण कुणाच्या खात्यातून आणायचा? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. बालवर्गाच्या बाई मला म्हणाल्या होत्या की खडू कुणी आणायचे हे ठरलेलं आहे, साबण कुणी आणायचा हे कुठेच लिहिलेलं नाही.

पाणीही होतं. पत्र्यावरून पन्हळीतून येणारं पावसाचं पाणी साठवणारी मोठी काळी टाकी होती. तिला कुलूप होतं आणि ते बरोबरच होतं. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस. जानेवारी-फेब्रुवारीत टाकी खडखडीत होते आणि मुलांना घरून पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी आणायला सांगतात. माणदेशात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला कुलपाचं कारण विचारावं लागलं नाही. टाकी मुख्याध्यापकांच्या खोलीमागे, पेज शिजायची ती जागा दुसऱ्या टोकाला आणि संडास तिसऱ्या कोपऱ्यात. कोविडच्या साथीत दिलेलं नळाचं निळं पिंप आवाराच्या फाटकाशी होतं, मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंच चौथऱ्यावर. चार वर्षांच्या मुलाचा हात त्या नळाला पोचत नव्हता, आणि साथ ओसरल्यावर त्यात पाणी भरणंही थांबलं होतं.

म्हणजे पाठ्यपुस्तकात सगळं होतं. केनियाच्या नव्या अभ्यासक्रमात पहिली ते तिसरीला स्वच्छता आणि पोषण असा स्वतंत्र विषयच घातला होता. भिंतीवर हात धुण्याचं रंगीत चित्र होतं. ‘हात कधी धुवायचे?’ विचारलं की वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा.

त्याच भागात, आमच्या शाळेपासून उत्तरेला बुसिया जिल्ह्यात, १९९८ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. ७५ प्राथमिक शाळांमधल्या मुलांना जंताच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने दिल्या गेल्या. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. गोळ्या मिळालेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, एस्थर डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांच्यासोबत. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, म्हणून आपल्याकडे त्यांच्या नावाचीच जास्त चर्चा झाली.) गोळ्यांची ही गोष्ट जगभर गेली. तिचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्या शाळांत गोळ्यांबरोबर आरोग्यशिक्षणही दिलं होतं. शिक्षकांना प्रशिक्षण, तक्ते, भाषणं, हात धुवा, चपला घाला, सरोवरात उतरू नका. आणि मुलांच्या वागण्यात काही फरक पडलेला दिसला नाही. हातांची स्वच्छता तेवढीच, चपला घालणारी मुलं तेवढीच, सरोवरात उतरणारी तेवढीच.

हे वाचलं तेव्हा मला माझी शाळा आठवली. आपल्याकडे २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अल्बेंडाझोलची गोळी मी स्वतः मुलांना समोर उभं राहून चावून खायला लावलेली आहे. गोळीचा दिवस उत्साहात पार पडतो, फलक लागतात, फोटो जातात. दुसऱ्या दिवशी संडासाच्या बादलीत पाणी नसतं.

बुसियाच्या त्या प्रयोगाशेजारी कराचीचा अभ्यास ठेवावासा वाटतो. स्टीफन लुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या झोपडवस्त्यांत वर्षभर काम केलं आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरोघरी साबण दिला, कार्यकर्ते दर आठवड्याला जाऊन बसत, बोलत, साबण संपला असेल तर नवा देत. त्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी घटले. उपदेश बुसियात होता आणि कराचीतही होता. कराचीत साबण हाताशी होता, आणि तो संपल्यावर पुन्हा येत होता.

म्हणून आम्ही धडा बाजूला ठेवला आणि आधी जागा बदलली. आम्ही म्हणजे बालवर्गाच्या बाई, पेज शिजवणाऱ्या मावशी, एक दणकट आजोबा आणि मी. तिथे ‘लीकी टिन’ किंवा ‘टिपी टॅप’ म्हणतात ती वस्तू करायची होती. मुळात ही रचना झिंबाब्वेत जिम वॉट यांनी केली आणि मग साऱ्या आफ्रिकेत पसरली. जमिनीत दोन दुबेळकी काठ्या रोवायच्या, त्यांच्यावर आडवी काठी. तिच्यात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन ओवून टांगायचा. कॅनला वरच्या बाजूला, मुठीखाली, तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडायचं. कॅनच्या तोंडाला दोरी बांधून ती खाली जमिनीजवळच्या काठीला जोडायची. पायाने काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार पडते, पाय काढला की बंद. नळाला हात लावायचा नाही, त्यामुळे घाण हाताने सोडलेला नळ धुतलेल्या हाताने बंद करण्याचा प्रश्नच मिटतो. पाणी इतकं थोडं लागतं की कुलूपवाल्या टाकीचीही हरकत राहत नाही. खाली खडी टाकली, नाहीतर चिखल होतो आणि डास.

उंची मुलांना उभं करून ठरवली. त्यासाठी बाईंनी वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी निवडली. तिचा पाय काठीवर आणि हात धारेखाली एकाच वेळी पोचेपर्यंत आजोबांनी काठ्या पुन्हापुन्हा ठोकल्या. दोन कॅन संडासाच्या वाटेवर आणि दोन पेजेच्या चुलीपाशी लावले. मुलं पेजेसाठी रांग लावतातच, ती रांग कॅनवरून वळवली. मावशींनी नियम केला की ओला हात दिसला तरच कप. तेवढ्यावर निम्मं काम झालं.

साबणाची गोष्ट जास्त अवघड निघाली. वडी दोरीला बांधून टांगली तर कावळे टोचत, उंदीर कुरतडत, आणि कधी ती घरीही जाई. घरी गेलेल्या साबणाबद्दल मला राग येऊ शकत नाही. ज्या घरात तो गेला तिथे तो लागतच असणार. बाईंनी मार्ग काढला. कपड्याच्या साबणाची पूड पाण्यात कालवून बाटलीत भरायची, झाकणाला भोक पाडायचं आणि बाटली बांधून टाकायची. थोड्या पुडीत पुष्कळ दिवस निघतात, आणि साबणाचं पाणी घरी नेण्याची इच्छा कुणाला होत नाही. ही युक्ती केनियातल्या इतर शाळांतही वापरली गेली आहे. ज्या दिवशी पूड नसेल त्या दिवशी चुलीतली राख. आपल्याकडेही भांडी आणि हात दोन्ही राखेने धुतलेली पिढी अजून हयात आहे.

हे सगळं झाल्यावर धडा घेतला आणि तो हळदीचा होता. तिथल्या दुकानांत मंजानो नावाने हळदपूड मिळते. पूड तेलात कालवून प्रत्येकाच्या हाताला चोळली. मग सांगितलं की हात न धुता एकमेकांशी हात मिळवा, बाकाला हात लावा, दाराला लावा. पिवळे पंजे सगळीकडे उमटायला लागले तशी मुलं ओरडू लागली. एकाने नाक खाजवलं होतं. वर्गभर त्याचं पिवळं नाक बघायला गर्दी. बाईंनी लुओ भाषेत एवढंच विचारलं, ‘ही हळद नसून संडासातलं काही असतं तर?’ क्षणभर सगळे गप्प आणि मग एकच ‘ईऽऽ!’

मग लीकी टिन. आपल्याकडे हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं ते याच गुणामुळे. साबण अल्कधर्मी असतो, हळदीचा रंग अल्काने लाल होतो. बालवर्गाला हे शब्द नकोत. त्यांना एवढंच कळलं की जिथे साबण पोचला तिथे लाल झालं आणि जिथे पिवळं राहिलं तिथे पोचलाच नाही. अंगठ्याची मागची बाजू पिवळी. बोटांच्या बेचक्या पिवळ्या. नखांची टोकं पिवळी. मोठ्या डॉक्टरांच्या हात धुण्यातही याच जागा सुटतात. मुलं आपापले हात बघून स्वतःच पुन्हा चोळायला लागली. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, हे मी दाखवण्याआधी एका मुलाने शोधून काढलं. (महागड्या द्रव साबणाने हा रंग येत नाही, कपड्याची वडी किंवा पूडच हवी.)

किळस आणि लाज या दोन गोष्टी शेजारी राहतात, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. किळस मुलाला हात धुवायला लावते. लाज त्याला शाळेतून घालवते. पिवळा रंग सगळ्यांच्या हाताला होता, म्हणून तो खेळ झाला. एकाच मुलाला पुढे बोलावून ‘बघा याचे हात’ म्हटलं असतं तर ती शिक्षा झाली असती.

मी लहानपणी हे पाहिलेलं आहे. परिपाठाला नखं तपासायचे, डोकी तपासायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला उवा निघाल्या म्हणून रांगेतून बाजूला उभं केलं, सगळ्यांसमोर. तिच्या वस्तीला स्वतःची विहीर नव्हती आणि गावच्या विहिरीवर तिच्या घरच्यांना पाणी भरू देत नसत. पाणी अडवणारेच तिला अस्वच्छ म्हणत होते. ती परत शाळेत आली नाही. आपल्या समाजात स्वच्छता हा शब्द शतकानुशतकं माणसांना दूर ठेवण्यासाठी वापरला गेला, सोवळ्याच्या नावाखाली आणि शिवाशिवीच्या नावाखाली. हा इतिहास पाठीशी असलेल्या मराठी माणसाने परदेशात जाऊन कुणाच्या लेकराच्या हाताकडे बोट दाखवताना फार जपून राहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

केनियात ही लाज पायांत असते. जिगर नावाची बारीक पिसू कोरड्या धुळीत वाढते. तिची मादी माणसाच्या पायात, बहुधा नखाच्या कडेला, कातडीत शिरते आणि अंडी भरून वाटाण्याएवढी फुगते. स्वाहिलीत तिला फुंझा म्हणतात. मुलं टाचेवर चालतात, पळत नाहीत, मग खेळायला येत नाहीत. काही ठिकाणी लोक याला शाप मानतात, म्हणून घरचे लपवतात. चपला घाला म्हणणं सोपं आहे. बाईंनी वर्गात जिगरचा धडा घेतलाच नाही. त्या एका मुलाच्या घरी गेल्या, बरोबर आरोग्य केंद्राची कार्यकर्ती होती. मुलाचे पाय औषधी पाण्यात भिजवले, आईशी जमिनीबद्दल बोलल्या. मातीची जमीन पाणी शिंपडून, सारवून घट्ट ठेवली की पिसूला वाढायला धूळ उरत नाही. वर्गातल्या इतर मुलांना यातलं काही कळलं नाही, आणि कळू नये अशीच बाईंची इच्छा होती. काही दिवसांनी तो मुलगा पळायला लागला, एवढंच वर्गाने पाहिलं.

संडासाचंही तसंच. चार वर्षांची मुलं झुडपामागे बसतात ती अडाणी म्हणून नव्हे. खड्ड्याचा संडास आत अंधारा, भोक मोठ्या माणसाच्या मापाचं, खाली काय आहे दिसत नाही. पडायची भीती वाटते आणि ती भीती खरी आहे. केनियाचा नियम २५ मुलींमागे एक आणि ३० मुलग्यांमागे एक संडास असा आहे. पण भोकाचा आकार आणि दाराची फट या गोष्टी संख्येत मोजल्या जात नाहीत. देहूच्या डॉक्टर मापुसकरांची मला तिथे वारंवार आठवण यायची. १९६० च्या आसपास ते देहूला सरकारी डॉक्टर म्हणून गेले. गावात संडास नव्हते. सुरुवातीला बांधून घेतलेले संडास पावसात कोसळले. लोकांना दोष न देता त्यांनी रचनेतली चूक शोधली, अप्पा पटवर्धनांनी कोकणात केलेलं काम पाहिलं आणि वर्षानुवर्षं एकाच गावात राहून ते पुरं केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आम्ही शाळेत फार काही केलं नाही. भोकावर लहान भोकाची लाकडी फळी बसवली आणि दाराच्या वर उजेडाला जागा केली. बाई पहिले काही दिवस दाराबाहेर उभ्या राहून गाणं म्हणायच्या, म्हणजे आतल्या मुलाला कुणीतरी आहे हे कळायचं.

एका गोष्टीपुढे मात्र आमचं काही चाललं नाही. व्हिक्टोरिया सरोवराला लुओ लोक नाम लोल्वे म्हणतात. त्याच्या काठच्या उथळ पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून निघणारे बिलहार्झिया या रोगाचे सूक्ष्म जीव पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जातात. पुढे पोट दुखतं, शौचात रक्त जातं, मूल वाढत नाही. यावर हात धुण्याचा उपाय नाही, उकळण्याचाही पुरता नाही, कारण रोग कातडीतून येतो. आणि त्या मुलांचे बाप मासेमारी करतात, आया काठावर धुणं धुतात, मुलं तिथेच पोहायला शिकतात. त्यांना ‘पाण्यात जाऊ नका’ सांगणारा धडा मी घेतला नाही, घेणारही नाही. प्राझिक्वांटेलची गोळी वेळेवर मिळणं आणि गावात विंधणविहिरीचं पाणी येणं, हे मुख्य उपाय आहेत आणि दोन्ही बालवर्गाच्या हातात नाहीत.

परत आल्यापासून ओळखीची तरुण मुलं विचारतात, आम्हालाही असं कुठे जायचं आहे, जाऊ का? जा. पण पैसे भरून दोन आठवडे मुलांबरोबर खेळा आणि फोटो काढा असं जे विकलं जातं, त्यापासून लांब राहा. विशेषतः अनाथाश्रमांपासून. मुलांना दर पंधरवड्याला नवीन दादा-ताई मिळतात आणि जातात, आणि पाहुणे येत राहावेत म्हणून घर असलेली मुलंही आश्रमात ठेवली जातात, हे नेपाळ आणि कंबोडियात दिसून आलेलं आहे. संस्थेला आधी विचारा: तुम्हाला तिथल्या शिक्षकांनी बोलावलं आहे का? मी कुणाच्या हाताखाली काम करणार? उन्हाळ्यात शाळेत पाणी कुठून येतं? साबणाचे पैसे मी गेल्यावर कोण देणार? आमच्या शाळेत हा शेवटचा प्रश्न पालकांच्या सभेत गेला, त्यावर बरीच खडाजंगी झाली आणि अखेर पेजेसाठी पालक जे पैसे देतात त्यातूनच साबणाची पूड आणायची असं ठरलं. या चार प्रश्नांवर ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांच्याबरोबर जाऊ नका.

आणि जाणार असाल तर बालवर्गाच्या मुलांची भाषा थोडी शिकून जा, निदान पाणी, हात, दुखतंय का, शाबास, एवढं तरी. मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका. हळद इथून पिशवीत भरून नेऊ नका. तिथल्याच दुकानातून घ्या, बाईंना बरोबर घेऊन, म्हणजे पुढच्या वर्षीचा वर्ग आला की कोणत्या दुकानात, कोणत्या डब्यात, किती पैशाला मिळते ते त्यांना माहीत असेल.